स्टिअरिंग काढलं, गाडी राहिली

आमच्या गेममध्ये खेळणाऱ्याला एकच काम असतं. घाटरस्त्यावरच्या थांब्यावर एसटी थांबते, माणसं चढतात आणि कुणाला कुठं बसवायचं ते आपण ठरवायचं. लेकुरवाळी पुढच्या बाकावर. जिला गाडी लागते ती खिडकीशी. कोंबडी काखेत घेऊन चढलेले आजोबा मागं. बांधावरून भांडण झालेले दोघे भाऊ एका बाकावर अजिबात नकोत, नाहीतर पुढच्या थांब्यापर्यंत सगळी गाडी त्यांचीच बाजू ऐकत बसते. सगळे जागेवर बसले की डबल बेल वाजते आणि गाडी सुटते.

लोक विचारतात, ही कल्पना सुचली कशी? मला या प्रश्नाचा राग येतो. एक तर मला राग लवकर येतो, आणि दुसरं म्हणजे ही कल्पना आम्हाला सुचलेलीच नाही. आम्ही दुसरंच काहीतरी करत होतो. ते फसलं म्हणून तिसरं धरलं, तेही फसलं. काढून टाकता टाकता जे हातात राहिलं ते हे. पण एवढं सरळ सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मग मी "लहानपणी एसटीनं फार फिरले ना" असं काहीतरी सांगून मोकळी होते. आज जरा नीट सांगते.

आम्ही तिघं. सांगलीत हळदीच्या गोदामांच्या रस्त्यावर पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्याच्या दुकानावर आमची खोली आहे. खालून तांब्याच्या तारेचा आणि वॉर्निशचा वास येतो, खिडकीतून हळदीची धूळ येते. आमचे कीबोर्ड मुळात पांढरे होते, हे आता कुणाला पटत नाही. गेम कसा असावा ते मी ठरवते, म्हणजे मी ठरवते असं बाकीचे दोघं मला वाटू देतात. प्रोग्रॅमर आटपाडीकडचा, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडणाऱ्या घरातला. बोलणं कमी आणि टाकून देणं त्याहून कमी. आम्ही जे जे काढून टाकतो ते तो 'भंगार' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. चित्रं काढणारी मुलगी मिरजेची. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात. तिचे चाचा महिनोन्‌महिने वाळवलेला भोपळा बोटानं ठोकून बघतात आणि आवाज आवडला नाही तर बाजूला ठेवतात. मग त्यात घरातली डाळ भरून ठेवतात. असल्या घरात वाढल्यामुळं तिला काही काढून टाकल्याचं दुःख म्हणून होत नाही. मला होतं. मी जेवत नाही.

सुरुवात अर्थातच किल्ल्यापासून झाली. मराठी माणसानं गेम करायचा म्हटलं की आधी किल्ला येतो, त्याला इलाज नाही. तिनं घोडे काढले, बुरूज काढले, पागोटी काढली. ज्याला दाखवावं तो म्हणे पागोटं असं नसतं. दुसऱ्याला दाखवावं तर तो म्हणे आधीचं बरोबर होतं. बंगळूरच्या ज्या कंपनीमार्फत आम्ही गेम बाजारात आणणार होतो, तिथला माणूस व्हिडिओ कॉलवर फार सभ्यपणे म्हणाला की असले त्याच्याकडं बरेच आलेत. मी कॉल बंद केला आणि डब्याकडं पाठ करून बसले. मिरजेच्या मुलीनं आपला कप विसळला आणि विचारलं, "अब क्या निकालूँ? म्हणजे, आता काय काढू?"

मग उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, बोनेटवर भलेमोठे स्पीकर, आणि कारखान्यापर्यंत ऊस न सांडता जायचं. इस्लामपूरच्या रस्त्यावर त्या ट्रॉल्यांमागं अडकून आमची निम्मी तरुणाई गेली आहे, तेव्हा वाटलं की लोक डोक्यावर घेतील. ट्रॉल्या डुलायच्या झकास. पण उसाची गाडी जेवढ्या वेगानं जाते तेवढ्याच वेगानं जाते. आम्ही वेग वाढवला तर ते खोटं वाटायचं, आणि वेग तसाच ठेवला तर खेळणाऱ्याला जांभया यायच्या. शेवटी तोही भंगारात गेला. आमच्याकडं फक्त तिनं काढलेला रस्ता शिल्लक राहिला, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना झाडं असलेला. त्या रविवारी मी पाटणला घरी गेले होते.

पाटणला आई आणि आबा असतात. आबा, म्हणजे माझे वडील, एसटीचे ड्रायव्हर. सगळी नोकरी पाटण-कोयनानगर बाजूला झाली. घाटातली वळणं त्यांना अंगवळणी होती, हे म्हणणंही कमी पडावं. घरात बसल्या बसल्या बोलतानाही त्यांचा डावा हात गिअर टाकायचा. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना डोळ्यांच्या तपासणीत काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, पण बाजूचं दिसेनासं होत चाललेलं. ड्रायव्हरला बाजूचं दिसलंच पाहिजे. त्या तपासणीला सकाळी ते ड्रायव्हर म्हणून गेले आणि पुन्हा गाडीवर चढलेच नाहीत. उरलेली वर्षं त्यांनी स्टँडवरच्या केबिनमध्ये माइकवर गाड्या पुकारल्या. दुसऱ्यांच्या गाड्या.

आमच्याकडं ड्रायव्हर निवृत्त होतो तेव्हा त्याच्या शेवटच्या फेरीचा सोहळा असतो. गाडीच्या तोंडावर झेंडूच्या माळा बांधतात, चाकापुढं नारळ फोडतात. घरची माणसं त्याच गाडीत बसून जाऊन येतात आणि परत आल्यावर सगळा डेपो स्टँडवर उभा असतो. आबांनी दुसऱ्यांच्या गाड्यांना हातानं माळा बांधल्या आहेत. त्यांची स्वतःची शेवटची फेरी कधी झाली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण ती झाली तेव्हा ती शेवटची आहे हे कुणाला माहीत नव्हतं. निरोपाला शाल मिळाली, नारळही मिळाला, पण तो चाकापुढं फुटला नाही. तो आईनं खोबऱ्याच्या वड्यांत घातला. आबा या गोष्टीबद्दल एकदाही बोलले नाहीत. आई बोलायची, ते घरात नसताना.

त्या रविवारी मी त्यांना ट्रॅक्टरचा फसलेला गेम दाखवत होते. त्यांनी ट्रॅक्टरकडं बघितलंच नाही.

"रस्ता कुटला हाय ह्यो?" ते म्हणाले.

"कुठलाच नाही. असाच काढलाय."

"मग कोयनेचा काडा की. वळणं मी सांगतो."

मला तिथंच कळलं की पुढचा गेम कोणता. आणि कुणासाठी, हेही कळलं. सांगलीला येऊन मी दोघांना सांगितलं की आपण घाटातली एसटी करतोय, खेळणारा ड्रायव्हर. का करतोय ते सांगितलं नाही. पण प्रोग्रॅमर माझ्याकडं बघून "व्हय, करू की," म्हणाला त्यावरून त्याला समजलं असावं.

मग काही महिने फार आनंदात गेले. आबा पाटणहून सांगलीला यायचे. कराडला गाडी बदलायचे, येताना दोन्ही गाड्यांत पुढच्या सीटवर बसायचे आणि आल्या आल्या त्या दोन्ही ड्रायव्हरांचे दोष सांगायचे. सोबत आईनं बांधून दिलेल्या भाकरी आणि खर्डा. आम्ही टेबलाला एक स्टिअरिंग स्क्रूनं बसवलं होतं. ते बघून ते पहिल्या दिवशी म्हणाले, "ह्ये काय पोराच्या सायकलीचं चाक हाय व्हय?" पण बसले. पडदा मोठा होता आणि ते अगदी समोर बसायचे, त्यामुळं त्यांना दिसायचं. कुणी पाठीमागून खोलीत आलं तर कळायचं नाही, इतके ते घाटात असायचे.

मिरजेच्या मुलीनं एकदा सुचवलं की कोयनानगर म्हटल्यावर भूकंप पाहिजे. पडदा हादरेल, दरडी कोसळतील. मला आवडलं. आबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "गाडीत कळतोय व्हय भूकंप? आमची गाडी उबी आसली तरी त्याच्यापरास जास्त हादरती." भूकंप त्याच दिवशी भंगारात गेला आणि या एका गोष्टीसाठी मी जेवण सोडलं नाही.

एक अडचण मात्र होती. आबा एका वळणावर दर वेळी गाडी थांबवायचे. तिथं थांबा नव्हता, काही नव्हतं. डाव्या हाताला चढण, त्यावर झाडी, बस. प्रोग्रॅमरला वाटलं त्याच्याच कामात चूक आहे आणि ब्रेक आपोआप लागतोय. त्यानं अख्खी सकाळ त्यात घातली. शेवटी मी विचारलं.

"ब्रेक लागत न्हाई, मी लावतोय," आबा म्हणाले. "तितं वरच्या वाडीतली म्हातारी उतरती. दह्याचं मडकं घिऊन."

"आबा, गेममध्ये म्हातारी नाहीये."

"ठावं हाय की. तितं ष्टॉप बी न्हाई. पर ती वरनं येत आसती. दिसली न्हाई तरी जरा दम धरायचा. हाक आली तर आली, न्हाईतर जायाचं."

"हात दाखवा, गाडी थांबवा, हे आम्ही ऐकलंय. इथं हातच नाही," मिरजेची मुलगी म्हणाली.

"हात दावायला आदी खाली तर उतराया पायजे का नगो तिनं?"

प्रोग्रॅमर म्हणाला, नंतर म्हातारीचं चित्र काढून घेऊ. ते 'नंतर' कधी आलंच नाही.

आबांना खेळताना बघणं मला फार आवडायचं. पण मी गेम करणारी आहे आणि मला दिसत होतं की गडबड होतेय. आबांच्या हातात गाडी असली की काहीच व्हायचं नाही. धडक नाही, घसरणं नाही, कुणाच्या पोटातलं पाणी हलत नाही. आम्ही सगळा घाट त्यांच्या चालवण्यावरून बेतला होता. एसटीच्या चांगल्या ड्रायव्हरचं वैशिष्ट्यच हे की मागच्या माणसाला झोप लागावी. आमच्या गेममध्ये खेळणाऱ्यालाच झोप लागायची. अशी चूक एसटीत बसून लहानाचं मोठं झालेल्या माणसांच्याच हातून होऊ शकते.

आम्ही कॉलेजची काही मुलं-मुली खेळून बघायला बोलावली. आबा त्या दिवशी हौसेनं आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्या मुलानं दोन वळणं नीट घेतली, मग कंटाळला, मग गाडी सरळ दरीत घातली. सगळे हसले. दुसरीनं तेच केलं, जास्त वेगानं. त्यांच्यात चढाओढ लागली की कुणाची गाडी जास्त कोलांट्या खाते. खरं सांगायचं तर गेम त्या दिवशी पहिल्यांदा मजेचा झाला होता. हसण्याचा आवाज ऐकून मी खूश झाले आणि मग आबांकडं बघितलं.

ते उठून दाराशी गेले होते. ओरडले नाहीत. त्या पोरांना एवढंच म्हणाले, "आत माणसं हायत रं." आणि खाली जाऊन रिवाइंडिंगवाल्याशी बोलत बसले.

पोरं बिचारी गप्प झाली. त्यांचा काय दोष? दरीत घालता येत होती म्हणून त्यांनी घातली. आम्ही मग दरीला कठडा घातला, गाडी पडायची बंद झाली आणि पुन्हा सगळ्यांना झोप यायला लागली. मी म्हटलं माणसं काढून टाकू, रिकामी गाडी पडली तर पडली. रिकामी गाडी करून बघितली. ती कुणालाच आवडली नाही, मलाही नाही. रिकामी एसटी घाटात बघवत नाही.

माणसं परत गाडीत घातली तेव्हा मिरजेच्या मुलीनं गंमत म्हणून त्यांना जागा बदलायची सोय दिली. फोनच्या पडद्यावर बोटानं उचलायचं आणि दुसऱ्या बाकावर ठेवायचं. त्यांच्या तोंडी एकेक वाक्य घातलं. "मला गाडी लागते." "हा माझ्या शेजारी नको." कॉलेजची तीच मुलं पुन्हा आली आणि एक मुलगी गाडी सोडेचना. डबल बेल वाजली तरी ती माणसंच बसवत राहिली. दोघी जणी भांडल्या, कोंबडीवाल्या आजोबांना कुठं बसवायचं यावरून. स्टिअरिंग टेबलाला तसंच होतं, कुणी हात लावला नाही.

प्रोग्रॅमर माझ्याकडं बघत होता. मला कळत होतं तो काय म्हणणार ते, आणि त्यानं म्हणू नये म्हणून मी चहाला खाली गेले. वर आले तेव्हा त्यानं म्हटलंच. "ताई, गेम ह्यो हाय. चालवणं काडूया."

मी भांडले. मला भांडता चांगलं येतं. चालवणं राहील आणि बसवणंही राहील, असं म्हणाले. दोन्ही ठेवून बघितलं, तर चालवणं आलं की लोक फोन खाली ठेवायचे. बंगळूरच्या माणसानं तेच सांगितलं, नेहमीच्या सभ्यपणानं. मी काही दिवस कुणाशी धड बोलले नाही. मिरजेच्या मुलीनं मग एक दिवस माझ्यासमोर डबा उघडून ठेवला आणि म्हणाली, "दीदी, भोपळा वाजत नाहीये. डाळ भरू." मी जेवले. स्टिअरिंगचे स्क्रू मीच काढले.

आता आबांना सांगायचं होतं. फोनवर सांगण्याची हिंमत झाली नाही. पाटणला गेले. ते ओसरीवर शेंगा फोडत बसले होते, आई पलीकडं तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. मुलं कशी रमली, माणसं बसवण्यात किती मजा येते, कंपनीला किती आवडलं. मी फार बोलत होते. शेवटी म्हणाले, "त्यामुळं चालवणं काढलंय, आबा."

"बरं," ते म्हणाले. थोड्या शेंगा फोडल्या. मग म्हणाले, "गाडी कोण चालवनार मग?"

"कुणी नाही. आपली आपण जाते. पुढच्या थांब्यापर्यंत."

"बिनडायवरची?"

"हो."

त्यांनी पुन्हा "बरं" म्हटलं आणि शेंगांचं सूप उचलून आत गेले. लहानपणी काचेचा ग्लास फोडला तेव्हा बघितलं होतं तसं आईनं माझ्याकडं बघितलं. "काय गरज हुती तुला आदी दावायची?" एवढंच म्हणाली. मला आजवर नोकरीत, गेममध्ये, कशातच इतकं वाईट वाटलेलं नाही. दुसऱ्यांदा त्यांना तपासणीला नेऊन गाडीवरून उतरवल्यासारखं वाटलं.

सांगलीला आल्यावर मी दोघांना जे झालं ते सांगितलं. बिनड्रायव्हरची म्हणाले, हेही सांगितलं. प्रोग्रॅमर पडद्यात डोकं घालून बसला होता. नेहमीच असतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग म्हणाला, "तसं बी थांब्यापासनं थांब्यापतूर गाडी कशी न्यायची त्येच मी बगत हुतो. सरळ नेली तर खेळण्यातल्या गाडीवानी दिसती. पर आबांच्या फेऱ्या हायत की आपल्याकडं."

आम्ही चाचणीला जो कुणी खेळेल त्याचं चालवणं नोंदवून ठेवत असू, चुका शोधायला. सगळे तसंच करतात, त्यात विशेष काही नाही. आणि काढून टाकलेलं काही तो पुसत नाही, हे सांगितलंच आहे. त्यानं भंगार फोल्डर उघडलं, आबांची एक फेरी घेतली, आमच्या नव्या गाडीला जोडली. माणसं बसवली, डबल बेल वाजली आणि गाडी निघाली. चढाला जरा रेंगाळून, मग ओढ घेऊन. वळणाच्या आधी थोडी आत येऊन, मग बाहेर. गाडी कुणीतरी चालवतंय हे ज्यानं बघितलं त्याला कळलं असतं. मला तर कोण चालवतंय तेही कळत होतं. मी तिथंच रडले आणि दोघांवर उगाच ओरडले.

त्या वळणावर गाडी थांबली. थोडी उभी राहिली. मग निघाली.

"ह्ये ठेवायचं?" प्रोग्रॅमरनं विचारलं.

"हात लावलास तर बघ," मी म्हणाले.

आबांना फोनवर सांगितलं. नीट समजावून सांगितलं की तुम्ही चालवलेली फेरी आम्ही गेममध्ये घातलीय. खेळणारा फक्त माणसं बसवेल, गाडी तुमची. कुणीही, कुठंही खेळलं तरी गाडी तुम्हीच चालवणार.

"म्हंजी मी चालवनार आन् लोकं नुसती बसनार," ते म्हणाले.

"हो."

"मग यष्टीच की ती." आणि हसले. खूप दिवसांनी हसले.

गेम बाजारात आला. ठीक चालला, म्हणजे आमची खोली चालू राहील इतका. लोकांनी कौतुक केलं, तक्रारीही केल्या. एक तक्रार पुन्हा पुन्हा यायची. अमुक एका वळणावर गाडी विनाकारण थांबते, दुरुस्त करा. बंगळूरच्या माणसानं ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, पुढच्या वेळी एवढं काढून टाका. आजवर त्यानं सांगितलेलं सगळं मी भांडून, उपाशी राहून का होईना, काढून टाकलं होतं. या वेळी मी भांडले नाही. ते तसंच राहील, एवढं म्हणाले. माझा आवाज इतका शांत होता की मिरजेची मुलगी घाबरून माझ्याकडं बघायला लागली. तो माणूस मात्र ठीक आहे म्हणाला. त्यालाही एकदा तरी मी न ओरडता बोलल्याचं बरं वाटलं असेल.

मग आईचा फोन आला. "रविवारी ये. आन् त्या दोघांस्नी बी घिऊन ये. डेपोतली माणसं येनार हायत." कशाला ते सांगेना.

आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर झेंडूचा ढीग होता आणि आबांच्या वयाची चार-पाच माणसं माळा ओवत होती. सगळे निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर. त्यांना गेमचं कळलं होतं. कुणाच्या तरी नातवाच्या फोनवर त्यांनी तो बघितला होता. त्यातला सगळ्यात वयस्क ड्रायव्हर मला म्हणाला, "बाई, ह्याची शेवटची फेरी ऱ्हायली हुती. आज करूया."

माळा कुठं बांधायच्या यावर चर्चा झाली. टीव्हीला बांधूया असं एकाचं म्हणणं. आईनं मोडतं घातलं. "टीव्हीला हार घालायचा न्हाई. फोटोला घातल्यावानी दिसतंय. मानूस जित्ता हाय माजा." मग टीव्हीखालच्या टेबलाला पुढून माळा सोडल्या, गाडीच्या तोंडाला सोडतात तशा. अंगणात नारळ फोडला. आबांनी मुकाट्यानं प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि टीव्हीच्या समोर, जरा उजव्या हाताला ठेवली. ड्रायव्हरची बाजू. ते बसले तसे बाकीचेही न सांगता मागं दोन-दोन करून बसले, आणि आईनं टीव्हीला जोडलेला टॅबलेट घेऊन शेवटच्या खुर्चीवर बैठक मारली.

आई हा गेम फार चांगला खेळते. माणसांना जागेवर बसवणं तिचं आयुष्यभराचं काम. पाटण सोडलं, थांबे आले, माणसं चढली. कंडक्टर होते ते काका तिला मागून सूचना द्यायला लागले तेव्हा तिनं "तुमी रिटायर झाला आवं," म्हणून त्यांना गप्प केलं. डबल बेल वाजली की सगळे गप्प होऊन रस्ता बघायचे. आबांचा डावा हात गुडघ्यावर होता. चढ आला की तो हलायचा, आणि तेवढ्यातच पडद्यावरची गाडी ओढ घ्यायची. मिरजेच्या मुलीनं माझा दंड घट्ट धरला होता.

मग ते वळण आलं. गाडी हळू झाली. थांबली. डाव्या हाताला चढण, झाडी, बाकी काही नाही. मी तोंड उघडलं. मला त्यांना सांगायचं होतं की गेम बिघडलेला नाही, हे असंच आहे.

सगळ्यात वयस्क ड्रायव्हर पुढं वाकून झाडीत बघत होता. "उतरली न्हाई वाटतं अजून," तो म्हणाला.

"यील," मागून दुसरा म्हणाला. "मडकं आसतं डोक्यावर."

तेव्हा मला समजलं की त्या वळणावर आबा एकटेच थांबत नव्हते. त्या रस्त्यावर ज्यानं ज्यानं गाडी चालवली तो तिथं थांबला होता. आबांनी मागं वळून बघितलं नाही. बाजूचं त्यांना दिसत नाही, समोरचं अजून दिसतं.

"घाई हाय का कुनाला?" त्यांनी विचारलं.

कुणालाच नव्हती.